पालखी कधी येते?

महाडच्या एसटी स्टँडसमोर, मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत अनुपमा कारखान्यांना माणसं पुरवायचं काम करते. एमआयडीसीतल्या कोणाला ऑपरेटर हवे असले, हेल्पर हवे असले की तिला फोन येतो आणि ती उमेदवार गाळून पाठवते. खाली पाटीवर ‘रिक्रूटमेंट कन्सल्टन्सी’ असं झोकात लिहिलंय. खरा धंदा गाळण्याचा, पण तसं पाटीवर कोण लिहील?

त्या दिवशी सकाळी दहालाच यशराजसाहेबांचा फोन आला. हे एका रसायनाच्या कारखान्याचे एचआर मॅनेजर. आवाज अगदी तुपातला.

“मॅडम, संध्याकाळपर्यंत एक चांगला ऑपरेटर द्या. आणि ते लक्षात आहे ना?”

‘ते’ म्हणजे शिमगा. मार्चमध्ये कारखान्यात माल काढायची घाई आणि नेमका त्याच सुमारास शिमगा. गावची पालखी दारात यायची म्हटल्यावर इकडचा माणूस मुंबईहून धावत येतो, तर तो एमआयडीसीत कसला थांबतोय! पण शिमग्याला रजा घेणार का, हे सरळ विचारायची सोय नाही. म्हणून अनुपमानंच युक्ती काढली होती. शिक्षण, अनुभव, सगळं विचारून झालं की ती पेन खाली ठेवायची, गोड हसायची आणि गप्पा मारल्यासारखं विचारायची, “मग, पालखी कधी येते तुमच्याकडे?”

माणूस लगेच खुलायचा, आणि तिथंच फसायचा.

तुडील गावचा साहिल असाच फसला. केमिस्ट्रीचा पदवीधर, दोन वर्षांचा अनुभव, बोलणंही नम्र. “पुनवेनंतर तिसऱ्या दिवशी, मॅडम. पहिला खांदा आमच्या घरचा असतो. तुम्ही या ना, नक्की या!”

“येईन की,” अनुपमा म्हणाली. तो जिना उतरायच्या आत तिनं त्याच्या अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक फुली मारली. दुपारपर्यंत अशा सात फुल्या झाल्या आणि सात घरची आमंत्रणं. तिला स्वतःची किळस आली. तशी ती रोजच यायची, चहा प्यायला की खाली बसायची. आज दोन चहा झाले तरी बसेना.

जेवणानंतर किशोर आला. पस्तिशीचा, पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. बाहेरगावच्या कारखान्यात सात वर्षं काम केलेलं, कागद चोख.

“ती नोकरी का सोडली?”

“आय एकलीच हाय घरी. आजारी असते, तिला बघनारं कोन नाय. रोज घरी जाता यील असं काम पायजे, ताई. नायतर तिला उचलून न्यायला लागंल, आनि ती काय घर सोडायची नाय.”

अनुपमानं पेन खाली ठेवलं. हसली. “मग, पालखी कधी येते तुमच्याकडे?”

किशोरनं मान खाली घातली. “आमच्या दारात येत नाय.”

“अरे वा, छान!” अनुपमा बोलून गेली.

आणि मग तिच्या अंगावर काटा आला. ती महाडचीच. दारात पालखी येत नाही म्हणजे घर वाळीत टाकलंय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण पाच वर्षं तिचे कान याच उत्तरासाठी टवकारलेले. मन आधी खूश झालं, समोरचा माणूस नंतर दिसला.

“बहिनीनं दुसऱ्या समाजात लगीन केलं,” किशोर सांगत होता. “आयनं तिला बाळंतपनाला घरात घेतली. तवापासून चार वर्सं झाली. पालखी शेजारच्या अंगनात नाचते आनि आमच्या दारावरनं सरळ फुडं जाते. आय तरी दर वर्साला सडा-रांगोळी करून उभी ऱ्हाते.”

त्याला बाहेर बाकावर बसवून तिनं फोन लावला.

“लोकल?” यशराजसाहेब कुरकुरले. “मग पालखी?”

“येत नाही. त्यांचं घर वाळीत आहे, सर.” निदान हे ऐकून तरी माणसाला लाज वाटेल, अशी तिची भाबडी आशा.

साहेब चक्क हसले. “मग तर उत्तमच! उद्यापासून पाठवा. शिमग्याचे पाचही दिवस डबल ड्युटी त्यालाच लावू. आणि मॅडम, तिकडे अशी आणखी घरं असतील ना? जरा यादी काढा की.”

तिला थुंकावंसं वाटलं त्या फोनवर. पण हा म्हणाला ‘उत्तम’ आणि आपण म्हणालो ‘छान’, मग थुंकायचं कोणावर? यादी मिळणार नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“बघते, सर,” ती म्हणाली.

बाहेर येऊन तिनं किशोरला नोकरी मिळाल्याचं सांगितलं. शिमग्याच्या पाच दिवसांचंही सांगितलं.

“म्हंजे या वर्साला आय दारात एकलीच उभी ऱ्हाईल,” तो म्हणाला. मग भानावर आल्यासारखा घाईघाईनं उठला आणि त्यानं वाकून हात जोडले.

“चालंल, ताई. देवासारख्या भेटलात.”