कोपऱ्यातली सही

नियम एक. मतदान गुप्त राहील.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी वाचनालयातल्या पेटीत चिठ्ठी टाकली. प्रशासनाशी चाललेली बोलणी फिसकटली होती. आम्ही प्राध्यापकांनी संप करावा का, हो की नाही, एवढाच प्रश्न. मी 'हो'पुढे खूण केली. जिना उतरताना बोटावर लाल डाग दिसला आणि पाय तिथेच

थांबले.

लाल पेनाने केली मी खूण. आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, छोटी सही.

तेरा वर्षं उत्तरपत्रिका तपासतेय. पान संपलं की कोपऱ्यात सही. हात मला विचारून थोडाच करतो?

नियम चार. ओळख पटेल अशी खूण असलेलं मत अवैध.

अवैध तर अवैध, बला टळली. पण अवैध ठरवायला ते कोणीतरी बघणार. मोजणीला दोघं: आमच्या संघटनेचे चिटणीस, आणि प्रशासनाकडून परीक्षा नियंत्रक, ज्यांना आम्ही पाठीमागे 'टाचणी' म्हणतो. माझे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तेरा वर्षं त्यांच्याच टेबलावरून गेलेत. माझी सही माझ्या आईपेक्षा ते जास्त ओळखतात. आणि माझी नेमणूक दर वर्षी नव्याने होते. यंदाची फाईल सोमवारी. समितीवर टाचणी.

धाकट्या बहिणीला फोन केला.

"सही केलीस? गुप्त मतदानात?"

"हळू बोल."

"ताई, उद्या तू चोरी केलीस ना, तर पावती ठेवून येशील."

"हसू नकोस गं. सोमवारी फाईल आहे माझी."

ती हसायची थांबली. ते जास्त वाईट होतं.

पेटी पळवावी. (लोखंडी आहे.) आजारी पडावं. (पडलेच आहे.) चिटणिसांना सांगावं. (त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.)

चार वाजता मोजणी. हॉल गच्च. मी तिसऱ्या रांगेत, हात मांड्यांखाली दाबून. टाचणी एकेक चिठ्ठी उघडून वाचत होते, चिटणीस मान खाली घालून रेघा मारत होते.

हो. हो. नाही. हो. हो.

मग काहीच नाही.

टाचणींनी चष्मा कपाळावर सरकवला. चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. म्हणूनच मला कळलं.

"अवैध," ते म्हणाले. घडी घातली. हात टेबलाखाली गेला, वर आला तो रिकामा.

चिटणिसांनी रेघ मारली. नाही. हो. हो.

हो एकशे बारा, नाही एकेचाळीस, अवैध दोन. टाळ्या, शिट्ट्या. प्राध्यापक शिट्ट्या मारतात हे मला माहीत नव्हतं. शेजारणीने मिठी मारली. "अगं, गार पडलीस की!"

नियम सात. सर्व चिठ्ठ्या, अवैधसुद्धा, सीलबंद होऊन संघटनेकडे राहतील.

चिटणीस पाकिटात अवैध चिठ्ठ्या भरत होते. चिठ्ठ्या कसल्या, एकच. आनंदात त्यांना दोन आणि एक सारखंच. टाचणींचा डावा हात कोटाच्या खिशावर होता, गर्दीत पैसे सांभाळतात तसा.

गप्प बसले तर ती खिशात राहील. या सोमवारी नाही तर पुढच्या वर्षी बाहेर निघेल. दर वर्षी. 'मॅडम, ते संपाचं जरा' आणि मी मान हलवणार. बोलले तर आत्ताच, सगळ्यांसमोर

उभी राहिले होते. कधी, ठाऊक नाही.

"सर, अवैध दोन म्हणालात. पाकिटात एकच गेली."

"बसा हो मॅडम," चिटणीस म्हणाले, "जिंकलोय आपण!"

"दोन म्हणालात ना?"

त्यांनी रेघा मोजल्या. पाकीट पालथं केलं. एक. पुन्हा झटकलं. एक.

चिटणिसांनी टेबलाखाली बघितलं.

टाचणी हसले, अगदी मऊ. "पडली असेल खाली. कशी होती, सांगता येईल का मॅडम? शोधायला बरं पडेल."

त्यांना खात्री होती, मी बसेन. मलाही होती.

"लाल शाईची," मी म्हणाले. "कोपऱ्यात सही आहे. माझी. तुमच्या डाव्या खिशात बघा."

चिटणिसांनी पेन खाली ठेवलं आणि टाचणींपुढे हात पसरला. मला आता बसायचं होतं. गुडघे वाकेनात.