दहा साक्षीदार

गावात पंपाची नाहीतर गिरणीची मोटार जळाली की लोक म्हणायचे, थोरल्यांकडे टाका, त्यांच्या हाताला गुण आहे. थोरल्यांच्या हाताला गुण एकच होता, जळालेली मोटार घेऊन आत सरकवण्याचा. पुढच्या खोलीत खुर्ची, टेबल आणि भिंतीवर थोरल्यांच्या नावाची पाटी. मधे पडदा. पडद्यामागे सतरंजीवर बसून मोटार उसवायची, जळकी तार ओढून काढायची, खाचांत नवा कागद घालायचा, तांब्याची नवी तार मोजून गुंडाळायची, हे सगळं करायची धाकटी, म्हणजे थोरल्यांच्या भावाची बायको. बारा वर्षं करत होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त हा नागोबा गिऱ्हाइकाला चहाही पाजायचा.

काम तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं. थोरल्यांना एका जागी बसवत नव्हतं, आणि तिचा नवरा दूरच्या कारखान्यात लागलेला, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. राहता राहिली सून. सासऱ्यांचा एक नियम होता. वेढे मोजताना तोंड उघडायचं नाही. कोणी हाक मारो, दूध उतू जावो, आधी कॉइल पुरी करून गाठ मारायची, मग ओ द्यायची. वेढा चुकला तर मोटार महिन्याभरात पुन्हा जळते. हा नियम घरात सगळ्यांना पाठ होता. थोरल्यांना जरा जास्तच पाठ होता.

त्या वर्षी शहरातल्या उद्योग केंद्राने ठरवलं की प्रत्येक गावात एका तरी कारागिराला स्वतःच्या पायावर उभं करायचं. बाजाररस्त्यावर एक खोली, गुंडाळणीचं यंत्र, नावाची पाटी. अट एकच, जो काम करतो त्यालाच मिळणार. धाकटीने कोणाला न विचारता अर्ज भरला. त्या खोलीला मोठी खिडकी होती, दार सरळ रस्त्यावर उघडत होतं, आणि बारा वर्षांत तिला इतकं हवंहवंसं दुसरं काही वाटलं नव्हतं.

केंद्राचं पत्र आलं ते पुढच्या खोलीत, थोरल्यांच्या हातात. ते पत्र हातात घेऊन पडद्याआड आले.

"हे काय नवीन? आम्ही मेलो की काय?"

"काम मी करते, भावजी. अर्ज मीच करणार."

"घरात चार माणसं आहेत, विचारायची पद्धत असते."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

थोरली जाऊ दारातूनच म्हणाली, "बघा, बघा! बोट दिलं तर हात धरायला निघाली."

थोरल्यांनी आरडाओरडा केला नाही, आणि तिथेच धाकटीला संशय यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप आपल्या नावाचा अर्ज केंद्रात नेऊन दिला.

काम खरंच कोण करतं ते पाहायला केंद्राच्या बाई मंगळवारी अकराला यायच्या होत्या. मंगळवारी सकाळी ग्रामपंचायतीचा पाणीवाला गावच्या टाकीची मोटार हातगाडीवर घालून आला. मोटार शनिवारीच जळाली होती, आणि थोरल्यांनी तीन दिवस त्याला "थांब, आत्ता नको" म्हणून अडवून धरलं होतं. आता गाव पाण्यावाचून टेकीला आलं होतं. धाकटीला पर्याय नव्हता. तिने मोटार उसवली आणि गुंडाळणीला बसली.

बाई आल्या तेव्हा ती चौथ्या कॉइलवर होती. थोरल्यांनी पडदा बाजूला केला तो अगदी हिशेबाने.

"हे काम तुम्ही करता का?" बाईंनी विचारलं. सदतीस, अडतीस, धाकटी मनात मोजत होती. "अर्ज तुमचाच ना?" एक्केचाळीस. "अहो, तुमच्याशी बोलतेय मी."

"राहू द्या," थोरले मधासारखं गोड बोलले. "आमची धाकटी जरा बुजरी आहे. मी शिकवतो, ती हाताखाली करते."

बाईंनी बाहेर उभ्या असलेल्या पाणीवाल्याला विचारलं. पाणीवाल्याने पडद्याकडे पाहिलं, मग थोरल्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मोटार आम्ही थोरल्यांकडेच देतो." यात खोटं एक अक्षर नव्हतं आणि खरंही काही नव्हतं. शेजारी पिठाच्या गिरणीवाली मावशी उभी होती. तिची मोटार धाकटीने दोनदा बांधून दिली होती. तीही मूग गिळून बसली.

धाकटीने गाठ मारली आणि धावत बाहेर आली. बाई गाडीत बसत होत्या.

"मी करते हे काम. सगळं मीच करते!"

"मग मघाशी का बोलला नाहीत? तीनदा विचारलं मी. धंदा करायचा तर माणसांशी बोलता यायला हवं." मग त्यांना जरा दया आली असावी. "शेजारच्या गावाला जाऊन पाचला परत येते. तोवर दहा गिऱ्हाइकांच्या सह्या आणा, की काम तुम्ही करता. नाहीतर तुमच्या थोरल्यांचाही अर्ज आलाय, मला त्यांचं नाव लिहावं लागेल."

धाकटी कागद घेऊन निघाली. गावात दहा माणसं काय, चाळीस घरांच्या मोटारी तिच्या हाताखालून गेलेल्या. गिरणीवाली मावशी म्हणाली, "अगं, घर तर एकच ना तुमचं? कोणाच्या का नावावर असेना." दूधवाला म्हणाला, "थोरल्यांना वाईट वाटेल. रोजचं तोंड बघायचं असतं." पाणीवाला म्हणाला, "मी सरकारी माणूस, मला यात ओढू नका." एकाने तर पेन हातात घेतलं, टोपण काढलं, आणि बायकोने आतून हाक मारल्यावर पुन्हा लावलं. दोन तास ती उन्हात फिरली. कागद कोरा होता तसाच कोरा राहिला.

घरी आली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मोटारीच्या दोन कॉइल बाकी होत्या. तिने तारेचं रीळ उचललं, फळीवर ठेवलं, हात धुतले आणि पुढच्या खोलीत येऊन थोरल्यांच्या खुर्चीत बसली.

"मोटार?" थोरले म्हणाले.

"तुमची आहे. तुम्हीच बांधता ना? बांधा."

थोरले पडद्याआड गेले. जरा वेळाने तारेचं रीळ पडल्याचा आवाज आला, मग शिवी ऐकू आली, मग ते घाम पुसत बाहेर आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "घरची अब्रू आहे, पोरी. असं करू नकोस." बारा वर्षांत पहिल्यांदा पोरी म्हणाले. ती हलली नाही.

साडेचारपर्यंत बातमी गावभर झाली. बादल्या, घागरी, डबे घेऊन माणसं दारात जमली, आणि जमली ती भांडायलाच.

"लाज नाही वाटत? लहान लेकरं तहानलीत आणि ही खुर्चीत बसलीय!" गिरणीवाली मावशी.

"ऊठ आधी! तुझ्याशिवाय कोण बांधणार ती?" दूधवाला.

"मी सांगतो तुम्हाला, हिला माज आलाय," पाणीवाला ओरडत होता. "गावात दुसरं कोणी ही मोटार बांधू शकत नाही हे हिला पक्कं ठाऊक आहे, म्हणून अडवून बसलीय!"

"थोरल्यांना सांगा की," धाकटी म्हणाली.

"त्यांना काय येतं, कपाळ? त्यांनी आयुष्यात तार तरी धरलीय का?" हे गर्दीतून कोण म्हणालं ते कळलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी तिच्या माहेरचाही उद्धार केला.

गर्दीच्या मागे बाईंची गाडी कधी येऊन थांबली ते कोणी पाहिलं नव्हतं. बाई दाराशी उभ्या होत्या आणि ऐकत होत्या. त्यांनी पिशवीतून धाकटीचा फॉर्म काढला, थोरल्यांचा अर्ज दुमडून परत ठेवला आणि गर्दीला म्हणाल्या, "एकेकाने बोला. मला नावं लिहून घ्यायची आहेत." पाणीवाला हळूच मागे सरकू लागला.

"आता कुठे?" बाई त्याला म्हणाल्या. "तुमचं वाक्य तर सगळ्यात चांगलं होतं. करा सही."

त्याने केली. तोंडून निघालेलं माघारी घेता येईना, म्हणून मग एकेकाने केली. गिरणीवाल्या मावशीने सही करताना धाकटीकडे असं पाहिलं की जणू तिने तिच्या घरात चोरी केली होती. थोरली जाऊ आत जाऊन दार आपटून रडू लागली. थोरले पाटीखाली उभे होते, आणि कोणीच त्यांच्याकडे पाहत नव्हतं.

धाकटीला वाटलं होतं, खोली मिळाली की हसू येईल. बाईंनी खोली तिच्या नावावर लिहिली, आणि तिने तो सह्यांचा फॉर्म हातात घेतला. दहा सह्या होत्या, आणि त्यातली एकही तिच्या बाजूने केलेली नव्हती.

"पाणी उद्या सकाळी येईल," ती गर्दीला म्हणाली आणि कामाला बसायला आत गेली. कोणीही तिला बरं म्हणालं नाही.