शिंपी मास्तरांची लाळ आणि दिवसभराची एक बाटली

मी लाळ बोलतेय. नाक मुरडू नका. माझं नाव वाचताच तुम्हीही आवंढा गिळलात, ठाऊक आहे मला. कुणी साहेबांच्या पुढेपुढे केलं की लोक म्हणतात, लाळ घोटतोय. करणार तो आणि नाव माझं!

माझा जन्म गालांतल्या आणि जिभेखालच्या ग्रंथींत, तोही दिवसभर चालूच. राहते एका शिंपी मास्तरांच्या तोंडात. सुईत दोरा ओवायचा की मास्तर त्याचं टोक जिभेवर टेकवतात. मी ते ओलं करते, आणि दोरा नेढ्यातून सुर्रकन पार होतो. टाके घालून झाले की दोरा तोडायचा पुढच्या दाताने. कात्री गळ्यात असते, पण शोभेला. हा दात माझा लहानपणापासूनचा शेजारी. त्याच्यावर माझा भारी जीव.

मास्तरांना लिंबू-सोड्याचं वेड. दुकानात काज-बटणं करणाऱ्या त्यांच्या बायकोने एकदा दम भरला, "अहो, किती ढोसता! आजपासून दिवसाला एकच बाटली."

मास्तरांनी शब्द पाळला आणि तिथेच आमचं वाटोळं झालं. पूर्वी बाटली तोंडाला लावली की गटागटा संपायची. आता तीच दुकान उघडल्यापासून मशीनशेजारी उभी. बाही झाली, एक घोट. कॉलर झाली, एक घोट.

आंबट आलं की दाताचं कवच मऊ पडतं, झिजायला लागतं. मग मी धावते. आंबटपणा मारते, माझ्याजवळची खनिजं लावून कवच पुन्हा घट्ट करायला बसते. या कामाला निवांत अर्धा-पाऊण तास तरी हवा. पण मी जरा टेकते न टेकते, तोच घोट! पुन्हा पहिल्यापासून. पुसलेल्या फरशीवरून सारखं कुणीतरी चिखलाचे पाय घेऊन गेलं, तर तुमचं डोकं फिरेल की नाही? वर बायको गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची, "एक बाटली दिवसभर पुरवतात हो!" मी आतून ओरडायचे, पण माझ्या ओरडण्याचे नुसते बुडबुडेच होतात.

शेजाऱ्याची कड पातळ होत गेली. एक दिवस मास्तरांनी जाड कोटाच्या बटणाचा दोरा दाताखाली धरला. कट्! दोरा शाबूत, दाताचा कोपरा गायब.

"बटण तुटलं वाटतं," बायको म्हणाली.

"बटण नाही गं, दात!"

ती टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक घेऊन मशीनखाली शिरली.

"अगं, दात काय लोखंडाचा असतो?"

"नाही ना, म्हणूनच तुटला!"

दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "मास्तर, सोडा किती पिता?"

"एकच बाटली," मास्तर ऐटीत म्हणाले.

"दिवसभर पुरवतात," बायकोने भर घातली.

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. "मग बिचाऱ्या लाळेला सवड कधी मिळणार? प्यायचंच तर जेवताना प्या, एकदाच संपवा, वर पाणी प्या. आणि लगेच ब्रश घेऊन घासत बसू नका, कवच मऊ असतं तेव्हा."

बिचारी लाळ! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी बाजू घेतली. मला इतकं भरून आलं, की डॉक्टरांना नळी लावून मला ओढून घ्यावं लागलं. मग त्यांनी कोपरा बसवून दिला. मास्तरांनी आरशात निरखून पाहिलं आणि म्हणाले, "ठिगळ बसलंय छान. रंग मात्र किंचित उजळ."

आता बाटली जेवणाबरोबर संपते आणि दुपारभर मी शांतपणे काम करते. काल मास्तरांनी बटण लावलं आणि सवयीने दोरा तोंडाकडे नेला. मी आणि माझा शेजारी, दोघंही घाबरलो. बायको नुसती खाकरली. मास्तरांनी गळ्यातली कात्री उचलली.

मऊ झालेलं कवच मी घट्ट करू शकते, झिजून गेलेलं मात्र मला परत आणता येत नाही. म्हणून तुम्हालाही विनवते, आंबट खुशाल प्या, पण एकदाचं संपवा आणि मला जरा वेळ द्या. तुमच्याही तोंडात माझे शेजारी आहेत, आणि मला ते म्हातारपणापर्यंत हवे आहेत.