हरेशच्या बॅगेत काय काय होतं

सगळीकडचे गणपती पाण्यात गेले की मग पेणजवळच्या आमच्या जोहे गावातले गणपती बसतात. चतुर्थीपर्यंत आम्ही दुसऱ्यांच्या मूर्ती रंगवण्यात गळ्यापर्यंत बुडालेले, घरच्या देवाला सवड कुठली? म्हणून आमची ही नंतरची साखरचौथ, भाद्रपदातल्या वद्य चतुर्थीची. चौऱ्याण्णव साली तिच्या आदल्या दिवशी आमच्या शेजारचा हरेश मस्कतहून दोन वर्षांनी परत आला. मी त्याला आणायला पेणच्या स्टँडवर गेलो होतो. साहेब एसटीतून उतरले ते रिकाम्या हातांनी.

"बॅग आली नाय, पुंडलिकदादा," तो म्हणाला. "इमानतळावरचा तो पट्टा फिरून फिरून थांबला. सगळ्यांच्या बॅगा आल्या, माझीच नाय."

वाटेत त्यानं मला बाकीचंही सांगून टाकलं. बॅगेत होत्या साबणाच्या वड्या, थोडा खजूर आणि एक चादर. गावाला त्यानं पत्रातून कळवलं होतं की तो तिकडे सुपरवायझर आहे. प्रत्यक्षात तो गोदामात खोकी उचलत होता. बॅग उघडली असती तर आळीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि आता तर दाखवायला बॅगही नव्हती. मला त्याची फार कीव आली.

घरी पोचलो तर ओटीवर अख्खी आळी. सगळ्यांत पुढे त्याची चुलती चंद्रावतीकाकी. बॅग हरवल्याचं ऐकून ती हळहळली आणि मग हळूच विचारती झाली, "माझ्यासाठी काय व्हतं रे त्यात?"

हरेशच्या तोंडून निघून गेलं, "तुला मिक्सर व्हता, काकी."

काकीचा चेहरा असा खुलला की मिक्सर तिच्या मांडीवर येऊन बसलाय असं वाटावं. "जाऊ दे पोरा," तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तू आलास ना धड, भरून पावलं."

हरेशला गंमत कळली. न आलेल्या बॅगेत काहीही मावतं. रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या मोरूला त्यानं रेडिओ नि टेप एकात असलेला टू-इन-वन देऊन टाकला. कुणाला शिलाईमशीन, कुणाला जपानी साडी. मला तर सगळं खरं ठाऊक होतं, तरी त्यानं माझ्या नजरेला नजर न देता मला सोनेरी पट्ट्याचं घड्याळ दिलं. मला राग आला. पण खोटं कशाला बोलू, मी एकदा मनगटाकडे पाहिलंसुद्धा.

संध्याकाळपर्यंत त्या बॅगेतलं सामान धरमतरच्या खाडीतल्या मालवाहू बार्जमध्ये मावलं नसतं एवढं झालं. हरेशची बायको दिपिका चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिनं काही मागितलं नाही आणि त्यानंही तिला काही दिलं नाही. तिच्यापुढे थाप मारायची त्याची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी हरेशच्या घरी गणपती बसला. आरती झाली, पंगत बसायच्या बेतात होती, तेवढ्यात दारात जीप थांबली. विमान कंपनीचा टायवाला माणूस उतरला. बॅग चुकून दुसऱ्याच गावाला गेली होती म्हणे. त्याच्या हातात ती बॅग. एवढीशी. देवाच्या पाटाखाली सरकवली असती तरी चाललं असतं.

मोरूनं बॅगेभोवती एक फेरी मारली. "हरेश, टू-इन-वन यात आडवा ठेवला व्हतास का उभा?"

हरेशनं बॅगेकडे हात नेला. तो काही बोलायच्या आत दिपिकानं बॅग उचलली, आतल्या खोलीत नेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं कपाळावर हात मारत बाहेर आली.

"लुटली गो काकी. मेल्यांनी सगळा माल काढून घेतला, साबण नि खजूर तेवढा ठेवला."

दोन वर्षं एकटीनं घर चालवलेली बाई, किती तयार झाली होती. मी मनातल्या मनात तिला हात जोडले. आळी मात्र टायवाल्यावर तुटून पडली. माझं मशीन, माझी साडी, माझा मिक्सर. तो बिचारा घामाघूम झाला. मग त्यानं खिशातून पेन काढलं.

"ठीक आहे, तक्रार लिहून घेतो," तो म्हणाला. "पण एवढा माल कस्टमला सांगितला होता का? नसेल तर चोरून आणल्याचा गुन्हा होतो. हरेशरावांना मुंबईला यावं लागेल. ज्यांच्यासाठी माल होता, त्यांनाही बोलावतील. हं, सांगा नावं."

ओटीवरचे सगळे एक पाऊल मागे सरकले. हरेश उभा राहिला. तो टायवाल्यापुढे आला. आता हा सगळ्यांदेखत खरं सांगणार, हे मला दिसत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

पण काकी आधी बोलली. "कसला मिक्सर? पोरगा साबण आणणार व्हता, साबण आले."

"टू-इन-वन म्हंजे काय असतं, साहेब?" मोरूनं विचारलं.

साडीवाली म्हणाली, मला सहावारी चालतच नाय. मशीनवाली माजघरात पाणी प्यायला गेली ती आलीच नाही. टायवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, तर मी हात पाठीमागे लपवला, जसं काही घड्याळ खरंच मनगटावर होतं. शेवटी त्यानं हरेशची सही घेतली, प्रसाद घेतला आणि जीप निघून गेली.

हरेश मटकन खाली बसला. "काकी, मिक्सर नव्हताच," तो म्हणाला. "मी तिथं सुपरवायझर पण नाय. खोकी उचलतो." त्याला रडू आवरेना.

"ठाऊक हाय," काकी म्हणाली. "माझ्या घरात एकुलता एक बल्ब हाय. मिक्सर काय त्याला टांगणार व्हते मी?"

"मग काल गप का बसलीस?"

"एवढ्या मनापासून देत व्हतास. नको कसं म्हणायचं रे?"

एवढं बोलून तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, साबणाची एक वडी उचलून कमरेला खोचली आणि म्हणाली, "ऊठ आता, सुपरवायझर. पंगत खोळंबली हाय, पाट उचलून आण."