व्हर्लीनबाईंचा फाटका आवाज

मित्रांनो, मी शिकागोच्या दक्षिण भागातला एक म्हातारा टेपरेकॉर्डर आहे. आपली कहाणी सांगताना सगळे छाती फुगवतात. मला मात्र मान खाली घालूनच सांगावी लागणार आहे.

टॉलिव्हर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं मला दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं. माझ्या काचेआड एक काटा आहे. आवाज बेताचा असला की तो काळ्या पट्टीत राहतो, जास्त झाला की तांबड्यात जातो. "माझ्या मशीनचा काटा कधी तांबड्यात जात नाही," असं टॉलिव्हर येईल त्याला सांगायचा. आणि मी मूर्ख, त्या कौतुकानं फुगायचो.

एका शनिवारी दुपारी व्हर्लीनबाई आपलं वाजवणं टेपवर घ्यायला आल्या. आठवडाभर त्या कारखान्यात डुकराचं मांस कापायच्या आणि रविवारी मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात, कुणाच्या तरी खिडकीतून विजेची तार ओढून, गिटार वाजवायच्या. त्यांच्या गिटारचा स्पीकर जिन्यावरून गडगडला होता आणि त्याच्या आतला कागदी पडदा फाटला होता. त्यामुळे आवाज गुरगुरत यायचा.

"बाई, आधी हा स्पीकर बदलू. कानाला टोचतंय," टॉलिव्हर म्हणाला.

"टोचू दे की! नवराही टोचायचा, त्याला बदललं का मी? बाजारात लोक या आवाजासाठीच थांबतात. तू गुमान तुझी चाकं फिरव."

त्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि माझा काटा तांबड्यात जाऊन तिथंच थरथरत राहिला. चारचौघांत कुणी कानफटात मारावी तशी मला लाज वाटली. गाण्याकडे माझं लक्षच नव्हतं. हे एकदाचं संपू दे, एवढंच मी म्हणत होतो.

गाणं संपल्यावर टॉलिव्हरनं काट्याकडे बोट दाखवलं. "बघा. मशीन खोटं बोलत नाही, बाई."

बाईंचा चेहरा उतरला. "मशीनच म्हणतंय म्हटल्यावर मी काय बोलणार बाबा? आण तुझा नवा स्पीकर."

टेप वाया घालवायची नाही, अशी तिथली रीत. टॉलिव्हरनं तेच रीळ मागे फिरवलं. माझ्या तोंडाशी दोन चुंबकं आहेत. पहिलं जुनं पुसतं, दुसरं नवं लिहितं. मी पुसलं. खुशीनं पुसलं, हो! बाईंनी नव्या स्पीकरवर मन न लावता वाजवलं, लवकर आवरलं आणि त्या निघून गेल्या. काटा शहाण्यासारखा काळ्या पट्टीत राहिला होता.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात कामावरच्या सुरीनं बाईंची दोन बोटं नेली. पुन्हा वाजवणं झालं नाही. पुढे त्याच फाटक्या आवाजासाठी लोक इतर वादकांच्या तबकड्या जीव टाकून घ्यायला लागले.  टॉलिव्हरनं माझ्यावर फडकं टाकलं.

बऱ्याच वर्षांनी बाईंची मुलगी इडाबेल आली. तिचे केस पिकले होते. "आई गेली. तिचं वाजवणं दुसरीकडे कुठंच नाही. तुमच्याकडचं ऐकवता का?"

टॉलिव्हरनं रीळ लावलं. इडाबेलनं ऐकलं आणि मान हलवली. "बोटं तिचीच आहेत. पण ही माझी आई नाही हो. आईची गिटार भांडायची."

टॉलिव्हर खाली बघत बसला. मला बंद करायचंही त्याला सुचलं नाही, म्हणून मी फिरत राहिलो. नव्या स्पीकरवरचं दुसरं वाजवणं पहिल्यापेक्षा तोकडं होतं. ते संपलं आणि त्याच्यापुढे पहिल्याचं न पुसलेलं शेपूट सुरू झालं. अकरा सेकंद! गिटार गुरगुरली. इडाबेल ताडकन उभी राहिली. वाजवणं थांबलं आणि बाई धापा टाकत, हसत म्हणाल्या, "हे माझ्या इडाबेलला ऐकवायचंय. तिला वाटतं, आई नुसतं मांस कापते."

इडाबेल भिंतीकडे तोंड करून रडली. म्हणाली, "खरंच वाटायचं मला."

मित्रांनो, जे आपल्या कानाला टोचतं ते पुसायची घाई करू नका. कुणीतरी ते आपल्या लेकरासाठी ठेवलेलं असतं. त्या दुपारी मला फक्त ऐकायचं होतं. तेवढंही मला जमलं नाही.