पत्त्यावर आढळून आली नाही

मोटारसायकल शाळेच्या ओट्यापाशी थांबली आणि तिच्यावरून खाकीतला माणूस उतरला, तशी नंदाबाईने डाळीचं सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि पदर सारखा केला. शेजारी रखमाजी आबा उन्हाला पाठ देऊन बसले होते. त्यांनी डोळे उघडले, खाकी पाहिली आणि पुन्हा मिटून घेतले.

शिपाई कोवळ्या वयाचा होता, या भागात नवा. खिशावरच्या पट्टीवर गौरव असं नाव होतं. त्याने मोबाइलमध्ये बघत एक लांबलचक नाव वाचलं, वाचताना दोनदा अडखळला, आणि विचारलं की ही परदेशी विद्यार्थिनी वडिवळ्यात नंदाबाई नावाच्या बाईंच्या घरी राहते, ते घर कुठलं?

"नंदाबाई मीच की," नंदाबाई म्हणाली.

"मग ती तुमच्याकडे राहते?"

"माझ्याकडं? न्हाई बा. मी येकलीच राहती. लेक दिली सोमाटण्याला."

शिपायाने आबांकडे मोर्चा वळवला. आबा, तुम्ही पाहिलीय का कोणी बाहेरदेशाची मुलगी? आबा म्हणाले, "मला कुटं दिसतंय आता." धरणाच्या पलीकडच्या काठावर चरणारी म्हैस कोणाची आहे हे आबा इथून सांगत, ही गोष्ट निराळी. रस्त्याने जाणाऱ्या आणखी दोघांनीही माना हलवल्या. शिपायाने मोबाइलवर काहीतरी टिपलं, पाणी मागून प्यायला आणि आला तसा गेला.

त्याची पाठ फिरल्यावर आबांनी तोंडातल्या तोंडात हसून घेतलं. नंदाबाईलाही बरं वाटलं. पोलीस कोणाची चौकशी करत आला की आधी "न्हाई" म्हणायचं आणि मग खरं काय ते आपापसात बघायचं, ही गावाची रीत होती. धरणाच्या मोजणीच्या वेळी हीच रीत कामाला आली होती म्हणे. तेव्हापासून सरकारी माणसाला वडिवळ्यात पाणी मिळे, चहा मिळे, पण उत्तर मिळत नसे. यात खोटेपणा आहे असं कोणाच्या मनातही येत नसे. आपल्या माणसाला पाठीशी घालणं याला कोणी खोटं म्हणतं का?

आणि नोरो आपली होती. मादागास्कर नावाच्या बेटावरून ती पुण्याला शेतीचं शिक्षण घ्यायला आली होती. तिच्या अभ्यासाचा विषय भाताची लावणी. कॉलेजच्या सरांनी तिला मावळातलं भात बघायला वडिवळ्यात आणलं, दुपारी नंदाबाईच्या ओसरीवर जेवायला बसवलं, आणि पुढच्या महिन्यात ती पोरगी पाठीवर पिशवी घेऊन एकटीच दारात उभी राहिली. इथं राहू का, म्हणाली. नंदाबाईने आतली खोली झाडून दिली. भाड्याचं काय ठरलं, असं कोणी विचारलं असतं तर दोघींनाही सांगता आलं नसतं.

नंदाबाईला मुळातच चौकशांची भारी हौस. शाळेत पोरांची खिचडी रांधता रांधता ती मास्तरांना चंद्रावर वारा आहे का, असं विचारायची. तिच्या घरी चालताबोलता परका मुलूख राहायला आला म्हटल्यावर काय विचारता. तुमच्यात भात किती वेळा खातात? तिन्ही वेळा. वरण कशाचं? वरण नाहीच, नुसती पालेभाजी उकडलेली. भाताच्या पातेल्याच्या बुडाशी लागलेली खरवड आपण कोंबड्यांना टाकतो, नोरो त्यातच पाणी ओतून उकळायची आणि ते तांबूस पाणी चहासारखं प्यायची. नंदाबाईने नाक मुरडत एक घोट घेतला, मग दुसरा घेतला, आणि मग शेजारणींना बोलावून त्यांनाही पाजलं. मेलेल्या माणसाला तुमच्यात काय करतात, नवरीला सोनं कोण घालतं, सासू सुनेशी कशी वागते, एक ना दोन. नोरो न कंटाळता सांगायची. तीही कमी नव्हती. चुडाची, म्हणजे भाताच्या रोपांच्या जुडग्याची, मुळं मोजायची, बायकांची गाणी लिहून घ्यायची, आणि वर्षभरात ती नंदाबाईसारखंच बोलायला लागली. कॉलेजातली मुलं तिच्या "लय" आणि "कुटं"ला हसायची, असं ती सांगायची आणि स्वतःच जास्त हसायची.

संध्याकाळी ती शेतावरून आली तेव्हा नंदाबाईने तिला चुलीपुढे बसवून, रंगवून रंगवून सगळं सांगितलं. शिपाई कसा अडखळला, आबा कसे आंधळे झाले. नोरो हसेल म्हणून ती थांबली. नोरो हसली नाही.

"मावशी, तुमी मला लपवलं?"

"व्हय. मंग काय तर."

"पन मी लपलेली न्हवते."

मग तिने समजावून सांगितलं. इथं राहायचा तिचा परवाना संपत आला होता. अभ्यास पुरा व्हायला अजून वर्ष लागणार, म्हणून तिने मुदत वाढवायचा अर्ज केला होता. पूर्वी कॉलेजचं पत्र दिलं की भागायचं. आता नवा कायदा आला, नियम बदलले. परदेशी माणूस ज्याच्या घरी उतरला त्या घरवाल्यानेही कळवायचं, आणि पोलिसाने पत्त्यावर जाऊन बघायचं की माणूस खरोखर तिथं राहतो का. तो शिपाई तिला धरायला आला नव्हता. ती इथंच राहते एवढं ऐकून तो जाणार होता.

घरवाल्याने कळवायचं असतं हे नोरोने मागे एकदा सांगितलं होतं, ते नंदाबाईला आता आठवलं. तेव्हा ती म्हणाली होती, पाव्हण्याचं कुटं कळवत्यात व्हय? जन्मभर ज्या शहाणपणावर गाव चाललं, त्याने पोरीचाच घात केला होता.

दुसऱ्या दिवशी खिचडी शेजारणीवर सोपवून ती नोरोला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. गौरव तिथंच होता. नोरोकडे बघून त्याचं तोंड उतरलं. अहवाल कालच वर गेला, म्हणाला. त्यात लिहिलं होतं, सदर विद्यार्थिनी दिलेल्या पत्त्यावर आढळून आली नाही. आता पुण्याच्या कचेरीत घरवालीने स्वतः जाऊन जबाब द्यायचा, आधी खोटं का बोललात तेही सांगायचं. त्याने आवाज चढवला नाही. "मावशी, मी तुमच्याच हातचं पाणी पिऊन गेलो की," एवढंच तो म्हणाला, आणि ते नंदाबाईला शिवीपेक्षा जास्त लागलं.

गावात परत आल्यावर आबांनी तिला बाजूला घेतलं. "खोटं बोल्ले म्हून लिवून दिलंस, तर पोरगी ऱ्हाईल बाजूला, तुलाच आत घेत्याल. तू गप ऱ्हा." आबांचं म्हणणं खोटं नव्हतं, निदान आजवरच्या वडिवळ्यात तरी. नवरा गेल्यावर नंदाबाईने एकटीने लेकीचं लग्न केलं, बांधावरून दिरांशी भांडली, पण पोलिसापुढं आपणहून उभं राहायची पाळी कधी आली नव्हती. सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसली आणि नोरोच्या आधी वाटेला लागली.

पुण्याच्या कचेरीत यशोधरा मॅडम नावाच्या अधिकारी होत्या. नंदाबाईने वाटेत ठरवलं होतं की आता एक अक्षर खोटं बोलायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं हे मात्र तिला जमण्यासारखं नव्हतं. खोटं का बोललात? "गावची रीत हाय, बाईसाहेब. आमी पोलिसाला न्हाईच म्हंतो." मॅडमनी वर पाहिलं. भाडं किती घेता? भाडं घेत नाही. मग कशाच्या बदल्यात राहते? नोरो पुढे वाकली, पण तोवर नंदाबाईचं तोंड सुटलं होतं. पोरगी कामाला वाघ आहे, लावणीला चिखलात उतरली तर आमच्या सुना मागं पडतात, सहा घरांची लावणी केली तिने यंदा.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. विद्यार्थी म्हणून आलेल्या परदेशी माणसाला इथं मजुरी करता येत नाही, ते नियमात बसत नाही, हे त्यांनी सावकाश सांगितलं. नोरो मान खाली घालून बसली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. जिथं खरं बोलायचं तिथं आपण खोटं बोललो, आणि आता खरं बोलून पोरीच्या गळ्यात धोंड बांधली, हे नंदाबाईला कळलं आणि तिचे डोळे भरले. पण ती गप्प बसली नाही.

"मजुरी न्हाई, बाईसाहेब. सावड हाय. आज ही माझ्या खाचरात, उद्या मी तिच्या खाचरात. पैसा न्हाई, फकस्त जेवान. आबांनी तिला शिकायला गुंठाभर खाचर दिलंय, त्येची कापनी आमी सगळी करनार."

"सावड मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "पण ती तर गावातल्या गावात असते ना?"

"व्हय. भाईरचा मानूस सावडीत धरत न्हाईत. तिला धरलीय."

मॅडमनी पेन पुन्हा उचललं आणि लिहिलं की विद्यार्थिनी याच घरी राहते असं घरमालकिणीने समक्ष येऊन सांगितलं. मजुरीचं त्यात काही नव्हतं, सावडीचंही नव्हतं. नंदाबाईने खाली सही केली. निर्णय माझ्या हातात नाही, वरून येईल, असं मॅडम उठता उठता म्हणाल्या.

निर्णय दसऱ्याच्या सुमारास नोरोच्या मोबाइलवर आला. शिपायाचा अहवाल आणि घरमालकिणीचा जबाब जुळत नव्हते, अर्ज नाकारला होता. महिनाअखेर देश सोडायचा. अभ्यास पुरा करायचा तर मायदेशी जाऊन नव्याने अर्ज करायचा, पुढचं पुढे. नोरोने ते वाचून दाखवलं आणि मोबाइल पालथा ठेवला. नंदाबाई म्हणाली, "माझ्यामुळं झालं हे." नोरोने तिला असं नका म्हणू, असं म्हटलं नाही. ती जवळ सरकून बसली. आपली चूक नाकारून तिने आपल्याला लहान केलं नाही, याचंच नंदाबाईला बरं वाटलं.

निघायच्या दिवशी गाव एसटीपर्यंत आलं. आबा रस्त्याच्या कडेला उभे होते. नोरोने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. आबांनी इंद्रायणी तांदळाची पुरचुंडी तिच्या पिशवीत कोंबली. गाडी धुरळा उडवत वळणाआड गेली.

नोरोचं खाचर उशिरा लावलेलं. बाकीच्यांच्या कापण्या उरकल्या, दिवाळी झाली, तेव्हा कुठे ते पिकलं. कोणी कोणाला बोलावलं नाही. सकाळी नंदाबाई विळा घेऊन गेली तर सहाही घरची माणसं बांधावर उभी. आबासुद्धा होते, काठीला टेकून. नोरोने सांगितल्याप्रमाणे दोरीने आखलेल्या चौकोनातलं भात वेगळं कापून कॉलेजच्या सरांकडे द्यायचं होतं, ते काम नंदाबाईने स्वतःकडे घेतलं. सावडीत ज्याचं शेत त्याचं जेवण असतं. नोरोच्या वाटचं ते नंदाबाईने पहाटेच करून आणलं होतं.

कापणी निम्म्यावर आली असताना बांधावर मोटारसायकल थांबली. गौरव होता. परदेशी माणूस पत्ता सोडून गेल्याचंही घरवालीने कळवायचं असतं, ते राहिलं होतं. एवढी माणसं एका गुंठ्यात बघून तो गोंधळला. हे शेत कोणाचं, त्याने विचारलं.

सगळे आबांकडे बघायला लागले. आबांनी घसा खाकरला.

"नोरोचं," ते म्हणाले.

"पण ती तर गेली ना? आता राहत नाही ना इथं?"

"राहती की. हितंच राहती," नंदाबाई उभी राहत म्हणाली. "सध्या गावाला गेलीय."

गौरवने मोबाइल काढला, थोडा वेळ तसाच धरला आणि मग काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते त्याने सांगितलं नाही आणि नंदाबाईनेही, आयुष्यात पहिल्यांदाच, विचारलं नाही. मोबाइल खिशात ठेवताना त्याने विचारलं, "परत कधी येणार?" हा प्रश्न सरकारी नव्हता.

नंदाबाई खाली वाकली आणि तिने पुढचा चूड मुठीत धरला. तिच्या शेजारी, रांगेत एका माणसाची जागा कोणी न सांगता रिकामी ठेवली होती. तिथलं भातही तीच कापत गेली.