कोळशातला हिरवा अंश

१९६४ साली अमरावतीच्या एका कॉलेजात देवमन वानखडे रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेणारा डेमॉन्स्ट्रेटर होता. दगडी कोळसा आठवडाभर बेंझिनमध्ये उकळून त्यानं लालसर अर्क काढला. अर्कातून आलेला प्रकाश लोलकातून पाहिल्यावर रंगांच्या पट्टीत काळे पट्टे दिसले. ते पानांच्या हरितद्रव्याचे अवशेष होते. म्हणजे या कोळशाच्या जागी कधीकाळी दलदलीचं रान होतं.

विभागप्रमुख बर्व्यांनी न पाहताच अर्काची बाटली बेसिनमध्ये ओतली. "तुम्हा लोकांना सवलतीनं नोकऱ्या मिळाल्या, आता संशोधनही हवं?"

देवमननं रिकामी बाटली उचलून टेबलावर ठेवली. "कोळसा अजून माह्यापाशी हाय, सर. अर्क काहून फेकला, ते प्राचार्यांले लेखी सांगा."

त्यानं तिथंच तक्रार लिहिली. पंधरा दिवसांत अर्क पुन्हा निघाला, पट्टे पुन्हा दिसले. बर्वे निवृत्तीपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत, आणि त्यानंही त्यांना कधी नमस्कार केला नाही.